पूर्ण एक मिनिट

ट्रॉम्सोत नोव्हेंबर संपता संपता
सूर्य रजेवर जातो, कोणाला न विचारता.
आम्ही मात्र सव्वाआठला हजर,
बर्फाचे बूट दाराशी, पायांत लोकरीचे मोजे,
वर्गात एकतीस जण. बहुतेकांचा जन्म
मी फॅक्टरीत लागले त्यानंतरचा.

बावीस वर्षं कॉडचे काटे काढले.
पट्ट्यावरून मासा यायचा, सुरी फिरायची,
काटा कुठे आहे ते डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.
फॅक्टरीला टाळं लागलं
तेव्हा रोजगार कचेरीतल्या बाईने विचारलं,
तुम्हाला काय येतं?
मी हात पुढे केले.
फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

गुनवोर शिकवते. तिला मॅडम म्हणायचं नाही,
इथे सगळे नावाने.
रबराच्या दंडात शीर शोधताना ती म्हणाली,
दाबू नकोस, ऐक.
अंगठ्याला ते लगेच कळलं.
अडतं ते डोक्याशी.

औषधांच्या हिशेबाची परीक्षा:
शंभरपैकी शंभर, नाहीतर नापास.
नव्याण्णवाला दया नाही, आणि बरोबरच आहे,
उरलेला तो एक
कोणाच्या तरी दंडात गेला असता.

पहिल्यांदा मी टिंब एक घर उजवीकडे दिलं.
कागदावरचा म्हातारा, बहात्तर किलो, नाव नसलेला,
दहापट मॉर्फिन घेऊन कागदावरच मेला.
मी त्याला घरी घेऊन आले.
रात्रभर स्वयंपाकघरात समोर बसला होता,
तक्रार न करता.
दुसऱ्यांदा मायक्रोच्या जागी मिलि.
संधी तीनच असतात.

एस्किल माझा, सोळाचा,
पावावर तपकिरी चीज लावता लावता मला गणितं घालतो.
लाल पेन त्याने स्वतःच्या पैशाने आणलंय.
आई, घाई नको, तो म्हणतो,
अगदी माझ्याच आवाजात.

जानेवारीत नर्सिंग होम. तिसरा मजला, खोली नऊ, आस्लाक.
उमर रेनडिअरांमागे गेलेली.
शाळेने शिकवलेली नॉर्वेजियन आधी गळून गेली,
उरली आईची सामी.
माझ्या आजोबांनाही ती यायची म्हणे.
त्यांनी ती खोल खिशात ठेवली, कोणाला दाखवली नाही,
आणि खिशासकट पुरली गेली.
म्हणून मी आस्लाकशी काही बोलत नाही.
पाय पुसते. बोटांच्या मधलंही, नीट.

श्वास मोज, गुनवोर म्हणाली.
तीस सेकंदांत सात.
चौदा लिहायला गेले तर तिने वहीवर हात ठेवला.
तुझे-माझे कर दुप्पट.
याच्या पहिल्या अर्ध्याला
दुसऱ्याचं काही माहीत नाही.

पुन्हा घड्याळ धरलं. सात.
मग काहीच नाही.
सेकंदकाटा पस्तीस, चाळीस,
खिडकीबाहेर दुपारचा निळा उजेड,
कुणीतरी कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी नेली,
अठ्ठेचाळीस.
माझाच श्वास अडकला होता, ते नंतर कळलं.
आणि मग फार खोलून, जाळं ओढावं तसा,
आठवा.
नववा.
मी नऊ लिहिलं.
चौदा आणि नऊ यांच्यामधली ती पाच माणसं नव्हती, श्वासही नव्हते,
नुसता माझा उरक होता.

तिसरी परीक्षा एकवीस तारखेला.
त्या दिवशी सूर्य परत येतो, चार-पाच मिनिटं,
आणि अख्खं शहर जॅम भरलेले गोल पाव खातं.
बेकरीसमोरची रांग आम्हाला वर्गातून दिसत होती.
शेवटच्या गणिताशी आले
तेव्हा डोंगराची कड तांबूस झाली.
खाली मुलं ओरडली. आमच्यातलं कोणी मान वर केली नाही.

मी टिंब दिलं.
पेन खाली ठेवलं नाही.
घड्याळ लावून
पूर्ण एक मिनिट
त्याच्याकडे बघत राहिले.